शिवाराची नगरे कशी झाली: टोपोशीटवरचे लातूर आणि नांदेड

लातुरात दवाखान्याचा किंवा एखाद्या क्लासचा पत्ता विचारला, की 'जुनी रेल्वे लाईन' हे शब्द बहुतेक वेळा कानावर पडतातच. तिथे गेल्यावर मात्र रूळ, फाटक, सिग्नल यांतले काही दिसत नाही. दिसतो तो वाहता रस्ता, दुकानांच्या पाट्या आणि दुचाक्यांची गर्दी. अहमदपूर-उदगीरकडून शिकायला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला या पत्त्यातली रेल्वे कुठे गेली, हे सांगायला आता तिथे काहीच उरलेले नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर मात्र ती अजून आहे. बारीक आडव्या खुणांची एक काळी रेष बार्शीच्या दिशेने येते, लातूरला टेकते आणि तिथेच संपते.

ही बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांची. १८९७ मध्ये ती आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. पुढे दीर्घकाळ लातूर हे तिचे शेवटचे स्टेशन राहिले. मोंढ्यात धान्य, डाळी, तेलबिया उतरायच्या आणि तिथून थेट गाडीत चढायच्या. २००७-०८ च्या सुमारास कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला, नवे स्टेशन गावाबाहेर बांधले गेले आणि शहराच्या ऐन पोटातला रुळांचा लांबलचक पट्टा मोकळा झाला. त्यावर रस्ता आला, रस्त्याच्या कडेने बाजार आला. रूळ उचलले गेले तरी त्यांनी आखलेली रेघ शहराने जशीच्या तशी ठेवली.

लातूर आणि नांदेड गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत किती वाढली, हे जनगणनेच्या आकड्यांत सापडते. १९७१ मध्ये लातूरची लोकसंख्या सुमारे ७० हजार होती, १९९१ मध्ये दोन लाखांच्या जवळ गेली आणि २०११ मध्ये ३ लाख ८० हजारांच्या पुढे. नांदेड याच काळात सव्वा लाखावरून पावणेतीन लाखांवर आणि तिथून साडेपाच लाखांवर गेले. पण ही माणसे राहायला नेमकी कुठे गेली? कोणत्या बाजूला, कोणत्या शेतात, कोणत्या ओढ्याच्या काठाने? आकडा याबद्दल गप्प असतो. त्यासाठी एकाच जागेचे वेगवेगळ्या काळातले नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात.

अमेरिकेत हा अभ्यास फार पुढे गेलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, मोटारी स्वस्त झाल्या आणि शहरांबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ मध्ये सुरू झालेले लेव्हिटाउन हे त्यांतले सर्वांत गाजलेले. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने पुढे जुन्या नकाशांवर हवाई छायाचित्रांवरून केलेली नवी भर जांभळ्या शाईत छापायला सुरुवात केली. मूळ नकाशा नेहमीच्या रंगांत आणि नंतर आलेले रस्ते, घरे, तलाव जांभळे. त्यामुळे शहर किती सरकले, हे शाळकरी मुलालाही एका नजरेत कळते.

मराठवाड्याला असा सोयीचा जांभळा रंग मिळाला नाही. इथला 'युद्धोत्तर' काळही वेगळ्या तारखेपासून मोजावा लागतो. १९४५ साल इथे फारसे काही बदलत नाही. बदलते ते १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाचे राज्य संपल्यावर. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. नांदेड आधीपासून जिल्ह्याचे ठिकाण होते. लातूर मात्र ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. दोन शहरांच्या वाढीतला फरक समजायला ही तारीख ध्यानात ठेवावी लागते.

टोपोशीट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला स्थलनिर्देशक नकाशा, हाती घेतला की आधी त्याच्या कोपऱ्यातला क्रमांक वाचायचा. लातूर शहर येते '५६ बी/११' या शीटवर आणि नांदेड '५६ ई/८' वर. यातला ५६ हा चार अंश लांब-रुंद अशा मोठ्या चौकोनाचा आकडा. त्या चौकोनाचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, त्यांना ए ते पी ही अक्षरे. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा सोळा भाग, पंधरा मिनिटांचे. म्हणजे एका शीटवर आपल्या भागातली साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच जमीन मावते. शहर, त्याभोवतीची गावे आणि त्या गावांची शिवारे पाहायला हे माप अगदी बेताचे आहे.

या शीटांच्या तीन पिढ्या आहेत. पहिली इंची: जमिनीवरचा एक मैल कागदावर एक इंच, उंची फुटांत. देशाने मेट्रिक मापे स्वीकारल्यावर दुसरी पिढी आली, एकास पन्नास हजार प्रमाणाची. तीत एक किलोमीटर दोन सेंटिमीटरांत मावतो आणि समोच्च रेषा वीस-वीस मीटरांच्या अंतराने धावतात. तिसरी २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची. या धोरणाने संरक्षणासाठीचे नकाशे वेगळे काढले आणि सर्वांसाठीची खुली मालिका वेगळी केली. २०१७ मध्ये, सर्वेक्षण विभागाला २५० वर्षे झाली त्या वर्षी, खुल्या मालिकेतल्या शीट संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येऊ लागल्या. त्याआधी एक शीट मिळवायला अर्ज, शिक्का आणि कार्यालयाच्या चकरा लागत. भूगोलाच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आपल्या गावाची शीट कधी पाहिलीच नाही, प्रात्यक्षिकाला कुठल्या तरी दूरच्या डोंगराची पाहिली.

नकाशा वाचायचा तो रंगांनी. पिवळा रंग शेतीचा. लाल गठ्ठा वस्तीचा. लाल अखंड दुहेरी रेष म्हणजे पक्की सडक, तुटक लाल रेष म्हणजे गाडीवाट. पाणी निळे. कोरडा ओढा मात्र काळ्या रेषेत दाखवतात, म्हणून मराठवाड्यातली शीट पाहताना निळ्यापेक्षा काळ्या रेषांचे जाळेच जास्त दिसते. समोच्च रेषा तपकिरी. देऊळ, मशीद, किल्ला, विहीर, टपाल कचेरी, डाक बंगला यांच्या आपापल्या खुणा. एवढे पाठ झाले की शीट बोलायला लागते.

आता लातूरची शीट. मध्यभागी लाल गठ्ठा आणि त्यात गंजगोलाई. १९१७ मध्ये उभी राहिलेली ही गोल बाजारपेठ नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावरून बांधली गेली. मधोमध अंबाबाईचे देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोने, एकाला चपला, एकाला मिरची, एकाला गूळ. निजामी राज्यातल्या एका तालुक्याच्या गावात इतकी शिस्तीची आखणी झाली, ही गोष्ट आजही नगररचनेच्या वर्गात शिकवण्यासारखी आहे.

गोलाईतून निघालेले रस्ते बाहेर पडले, की जुन्या शीटवर पिवळ्या शिवारात शिरतात आणि त्यांतले बरेच लवकरच तुटक लाल रेषा होतात. ही सगळी गाडीवाटांची दुनिया. कव्हा, खाडगाव, आर्वी, कन्हेरी, हरंगुळ, पाखरसांगवी ही गावे शहरापासून सुटी, आपापल्या ओढ्याजवळ आणि आपापल्या विहिरींच्या सोबतीने बसलेली. प्रत्येक गावातून चार-पाच गाडीवाटा निघतात: एक शेजारच्या गावाला, एक मळ्याकडे, एक नदीकडे आणि एक लातूरच्या मोंढ्याकडे. बैलगाडीला चढ नको असतो आणि चिखलही नको असतो. त्यामुळे ही वाट समोच्च रेषेला धरून, दोन ओढ्यांमधल्या उंचवट्यावरून जाते. ती सरळ नसते, पण शहाणपणाची असते.

नव्या शीटवर नेमकी मोंढ्याकडची ती वाट जाड झालेली दिसते. तिचा खाडगाव रोड झाला, कव्हा रोड झाला, कन्हेरी रोड झाला. वस्ती आधी या रस्त्यांच्या दोन्ही कडांनी सरकली आणि मधली शिवारे बराच काळ पिवळी राहिली. नकाशावर ताऱ्याच्या टोकांसारखी ही वाढ दिसते. मग १९८२ मध्ये जिल्हा झाला, कचेऱ्या आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती आल्या. १९९० च्या दशकात दहावी-बारावीच्या निकालांनी 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला. १९६१ चे दयानंद आणि १९७० चे राजर्षी शाहू ही महाविद्यालये आधीपासून होतीच. आता त्यांच्याभोवती खासगी क्लास, वसतिगृहे, खानावळी आणि मुलांसाठी भाड्याने खोली घेऊन राहणारी कुटुंबे जमली. टोकांच्या मधली पिवळी जागा भरत गेली ती याच काळात.

ती कशी भरली, यात खरी गंमत आहे. शेत विकले जाते ते गट नंबराने. मालक किंवा विकासक एका गटाची जमीन अकृषिक करून घेतो, तीत तीस-तीस फुटांचे रस्ते टाकतो, प्लॉट पाडतो आणि 'नगर' अशी पाटी लावतो. शेजारचा गट दुसऱ्याचा, त्याचा ले-आउट वेगळ्या वर्षी, वेगळ्या कोनात. परिणामी एका नगरातला रस्ता दुसऱ्या नगराच्या कंपाउंडपाशी येऊन थांबतो. जिथे थांबतो, तिथे पूर्वी बांध होता. जिथे अकृषिक परवान्याचे सोपस्कारही झाले नाहीत, तिथे गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली गेली. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. एकास पन्नास हजारच्या शीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर, त्यामुळे प्लॉट त्यात दिसत नाही. पण गल्ल्यांचे बदलते कोन दिसतात, आणि ते शेताच्या बांधांनी ठरवलेले असतात.

लातूरच्या शीटवर आणखी एक गोष्ट ठळक आहे: शहराजवळ रुंद निळी रेष नाही. शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. मांजरा नदी काही किलोमीटर उत्तरेने निघून जाते. शहरातून निघणारे ओढे काळ्या रेषांचे, म्हणजे पावसाळा सरला की कोरडे. बाजाराचे गाव म्हणून लातूर वाढले तेव्हा विहिरींवर भागत होते. चार लाखांच्या शहराला धनेगावच्या मांजरा धरणाचे पाणी लागते, आणि ते धरण आटले की काय होते, हे एप्रिल २०१६ मध्ये देशाने पाहिले. मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती आली कुर्डुवाडीमार्गे, म्हणजे कॅलथ्रॉपने शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीच्या मालासाठी धरलेल्या दिशेने. या शहराची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने ही शीट भिंतीवर लावायला हवी होती. पाण्याची अडचण त्यावर पहिल्यापासून छापलेली आहे.

नांदेडची गोष्ट उलट आहे. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि पाणी दोन्ही बाजूंना. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला आसना. जुने नांदेड गोदावरीच्या उत्तर काठावर: नदीला लागून किल्ला, त्यालगतचे जुने मोहल्ले, आणि जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला तो हुजूर साहिब सचखंड गुरुद्वारा. आजची वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३० च्या दशकात उभी राहिली. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे आली आणि जुन्या गावाच्या उत्तरेने गेली. त्यामुळे नदी आणि रूळ यांच्यामध्ये एक पट्टा तयार झाला. रेल्वेच्या आसऱ्याने उस्मानशाही मिल उभी राहिली आणि मिलभोवती कामगारांची वस्ती.

दीर्घकाळ नांदेड म्हणजे हाच पट्टा. तो भरल्यावर शहराने आधी रूळ ओलांडले. शिवाजीनगर, श्रीनगर, आनंदनगर असे करत वस्ती वायव्येला तरोड्याकडे गेली. जुन्या शीटवर तरोडा बुद्रुक आणि तरोडा खुर्द ही शेतांनी वेढलेली दोन सुटी गावे आहेत. आज ती शहरात शोधावी लागतात. पण गल्ल्यांचा नकाशा पाहिला तर गावठाण लगेच ओळखू येते. बाहेरच्या ले-आउटमधले रस्ते काटकोनात असतात. गावठाणातले बोळ वाकडे, वेशीपासून देवळाकडे आणि पाटलाच्या वाड्याकडे वळणारे. अवतीभवती कितीही इमारती आल्या तरी हे बोळ सहसा सरळ होत नाहीत, कारण प्रत्येक घराची हद्द कुणाच्या तरी वारसाहक्कात अडकलेली असते.

नांदेडची दुसरी उडी मोठी होती: नदीपलीकडे. दक्षिण काठावर वाघाळा, कौठा, असर्जन ही शेतकरी गावे. सिडकोने तिथे नवे नांदेड वसवायला घेतले, हडकोची घरे आली, आणि 'सिडको-हडको' हे गावाचे नाव असल्यासारखे रूढ झाले. लातूरची वाढ शेतकऱ्यांच्या बांधांनी आखली, नवे नांदेड मात्र सरकारी टेबलावर आखले गेले. नकाशावर हा फरक डोळ्यांत भरतो: सेक्टर, सारख्या रुंदीचे रस्ते, शाळेसाठी आणि मैदानासाठी राखलेले चौकोन. १९९७ मध्ये नांदेड आणि वाघाळा मिळून महानगरपालिका झाली. तेव्हा जुन्या काठाचे क्षेत्र होते सुमारे २०.६ चौरस किलोमीटर आणि दक्षिण काठाचे ३१ हून जास्त. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहरापेक्षा पलीकडचा उपनगरी भाग क्षेत्राने मोठा ठरला.

असर्जनजवळ विष्णुपुरीचा बंधारा झाला आणि गोदावरीची निळी रेष वरच्या अंगाला फुगली. हाच शंकरसागर जलाशय. त्याच्या परिसरात १९८१ मध्ये श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दीसाठी लाखो यात्रेकरू येणार म्हणून रस्ते, पूल, घाट आणि विमानतळ यांची कामे झाली. एखाद्या शहराच्या शीटच्या दोन आवृत्त्यांमध्ये एवढा फरक पडायला एरवी पंचवीस वर्षे लागतात.

मात्र नांदेडच्या जुन्या शीटवर सर्वांत मोलाच्या आहेत त्या काळ्या रेषा. गोदावरी आणि आसना यांच्याकडे उतरणारे छोटे ओढे. नव्या नकाशात त्यांतले काही अर्ध्यातच थांबतात आणि पुढे घरे सुरू होतात. ओढा तिथे संपलेला नसतो. तो पाइपात गेलेला असतो, किंवा कुणाच्या तरी जोत्याखाली. दोन्ही नद्या चढलेल्या असताना शहराचे पाणी बाहेर पडायला जागा नसते आणि ते जुन्या वाटेने सखल भागात साचते. घर घेणाऱ्याने सातबारा आणि परवाना पाहावाच, पण जुनी टोपोशीटही पाहावी. प्लॉटखालून काळी रेष जात असेल, तर ती दरवर्षी कधी ना कधी आठवण करून देणार.

लातूरच्या शीटला खालून लागून असलेली '५६ बी/१२' ही शीट मन जड करणारी आहे. तीत किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथे भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद असलेली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे दुसरीकडे हलवून नव्याने बांधण्यात आली. जुन्या शीटवर ही गावे नदीकाठी घट्ट मुठीसारखी दिसतात. नव्या गावांनी त्याच्या कितीतरी पट जमीन व्यापली: रुंद सरळ रस्ते, सुटी घरे, काटकोनी चौक. अमेरिकन उपनगराच्या आराखड्याशी मराठवाड्यात सर्वांत जास्त जुळणारी वस्ती शोधायची, तर ती शहराभोवती सापडत नाही, या भूकंपग्रस्त खेड्यांत सापडते. आणि ती तिथल्या लोकांनी स्वतः निवडलेली नव्हती. शेजार तुटला, शेत लांब गेले, म्हणून पुढे अनेकांनी अंगणात आपल्या सोयीने खोल्या काढल्या.

दोन काळांच्या शीट एकमेकींवर ठेवायच्या तर काही काळजी घ्यावी लागते. पहिली म्हणजे साल. छापल्याचे साल आणि सर्वेक्षणाचे साल वेगळे असते, दोन्ही समासात दिलेले असतात. वस्ती कधीची, हे सर्वेक्षणाच्या सालावरून ठरवायचे. दुसरी म्हणजे पाया. जुन्या शीट जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाच्या, १८३० मधल्या पृथ्वीच्या मापांवर बेतलेल्या आहेत. त्यामागची दख्खनमधली मोजणी विल्यम लॅम्बटनने साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन केली. हैदराबादहून नागपूरला जाताना १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. आजचे नकाशे उपग्रहांच्या मापांवर आहेत. दोन्हींतली तफावत कागदावर मिलिमीटरांची असते, जमिनीवर मात्र अख्खा रस्ता ओलांडते. म्हणून संगणकात जुळवणी करताना न हललेले बिंदू धरतात. लातुरात गंजगोलाई, नांदेडात हुजूर साहिब, किल्ल्याचा बुरूज. नदीचा काठ कधीच धरायचा नाही. क्यूजीआयएससारखी मोफत प्रणाली असेल, तर महाविद्यालयातला विद्यार्थीही हे काम घरी करू शकतो.

मधल्या वर्षांची शीट मिळत नसेल तर इतर वाटा आहेत. अमेरिकन लष्करी नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताची एकास अडीच लाख प्रमाणाची मालिका काढली होती, ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली केली आहे. कोरोना या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये गोपनीयतेतून मुक्त झाली. आपल्या तालुक्याची जुनी चित्रे परदेशातून सहज मिळावीत आणि इथल्या इंची शीटसाठी मात्र जुन्या कपाटांच्या मालकांना गाठावे लागावे, हे खटकते. भूगोल विभागांच्या कपाटांत पडलेल्या या शीट स्कॅन करून ठेवणे हे फार खर्चाचे काम नाही. कागद दरवर्षी घडीवर फाटतो आहे, आणि फाटते ते बहुधा शहराचेच ठिकाण, कारण बोट तिथेच सर्वांत जास्त फिरलेले असते.

दरम्यान गावठाणांचे नवे नकाशे तयार होत आहेत. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी भूमी अभिलेख विभागाने आणि सर्वेक्षण विभागाने ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला. २०२० मध्ये केंद्राने 'स्वामित्व' या नावाने अशी मोजणी सुरू केली. हे नकाशे एकास पाचशे प्रमाणाचे, म्हणजे टोपोशीटच्या शंभरपट मोठे. त्यांत प्रत्येक घर, अंगण आणि बोळ हद्दीसह दिसतो. लातूर-नांदेडच्या वेशीवर जी गावे अजून ग्रामपंचायतीत आहेत, त्यांचे वाकडे बोळ ले-आउटने वेढले जाण्याआधी कागदावर येतील ते याच मोजणीत.